४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची उलटतपासणी

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव. ही संख्या मूळ की संयुक्त, एवढाच प्रश्न आहे. उत्तर १७३२ पासून माहीत आहे: संयुक्त. ६४१ ने तिला नि:शेष भाग जातो. तरीही हे प्रकरण पुन्हा उघडायचं कारण असं, की मला उत्तरापेक्षा ते हुकलं कसं यात जास्त रस आहे. पिएर द फर्मासारखा गणिती तिला मूळ समजून बसला आणि हा समज ९२ वर्षं टिकला. बरं, ६४१ काही फार आडबाजूला लपलेली संख्या नाही. मूळ संख्या २ पासून ओळीने मांडल्या तर ती ११६ वी येते. म्हणजे कुणी मुकाट्याने २, ३, ५, ७ असं भागत बसलं असतं, तर ११६ व्या भागाकाराला निकाल हातात होता. एका दुपारचं काम.

लिहायच्या सोयीसाठी या संख्येला पुढे ‘क’ म्हणतो. आणि २^३२ असं लिहिलं की २ चा ३२ वा घात समजायचा.

कुळ आणि मूळ

क म्हणजे २^३२ + १. द्विमान पद्धतीत लिहिली तर सुरुवातीला १, मध्ये एकतीस शून्यं, शेवटी पुन्हा १. इतकी सरळ चेहऱ्याची संख्या दिसली की ती साधीसुधी असेल असं मनात येतंच.

२ च्या घातात १ मिळवून मूळ संख्या हवी असेल, तर तो घातांक स्वतः २ चा घात असावा लागतो. घातांकात १ पेक्षा मोठा विषम अवयव असला की खेळ संपला. उदाहरणार्थ २^१२ + १ घ्या. हा १६ चा घन अधिक १ आहे, आणि घन अधिक एक या आकाराच्या राशीला पाया अधिक एकने नेहमीच भाग जातो. म्हणून ४०९७ = १७ × २४१. उरतात ते घातांक १, २, ४, ८, १६, ३२ असे. त्यांतून मिळणाऱ्या संख्या: ३, ५, १७, २५७, ६५,५३७ आणि मग आपली क.

पहिल्या पाचही मूळ आहेत. १६४० साली फर्माने फ्रेनिक्ल या फ्रेंच गणितीला लिहिलेल्या पत्रात ही ओळ मांडली आणि सगळ्या मूळ असाव्यात असा आपला विश्वास नोंदवला. सिद्धता नाही हे त्याने लपवलं नाही. पण पाच साक्षीदार एकाच सुरात बोलल्यावर सहाव्याला कोण खोदून विचारतो?

वरवरची तपासणी काहीच सांगत नाही. शेवटचा अंक ७, म्हणून २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ बाद. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच लक्षात ठेवण्यासारखी आहे. या कुळातल्या आधीच्या पाचांचा गुणाकार केला तर ३ × ५ × १७ × २५७ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५ येतो, म्हणजे बरोबर क − २. त्यामुळे या पाचांपैकी कुणीही क ला भागत असेल तर त्याने २ लाही भागायला हवं, आणि ते शक्य नाही. कुळातल्या कुठल्याही दोन संख्यांना समाईक अवयव नसतो. पुढे याचा उपयोग होणार आहे.

२ ची साक्ष

मूळपणाची एक नामांकित कसोटी खुद्द फर्माच्याच नावावर आहे, आणि तिचं विधान त्याने त्याच वर्षी, त्याच फ्रेनिक्लला कळवलं होतं. संख्या मूळ असेल आणि पाया तिच्या पटीत नसेल, तर त्या पायाचा (संख्या वजा १) एवढा घात घेऊन त्या संख्येने भागल्यावर बाकी १ उरते. बाकी १ आली नाही तर संख्या नक्की संयुक्त. १ आली तर? तर काही सिद्ध होत नाही, पण संशय कमी झाल्यासारखा वाटतो.

पाया २ घेऊ. २^३२ म्हणजे क − १, तेव्हा क ने भागल्यावर बाकी −१ समजायला हरकत नाही. वर्ग केला की २^६४ ची बाकी १. आता क − १ म्हणजे २^३२, आणि ही ६४ च्या पटीत आहे. म्हणजे २ चा (क − १) वा घात बाकी १ देणार. क परीक्षा पास.

पण या उत्तरात गुणाकार असा केलाच नाही. क ची रचनाच २ वर बेतलेली, त्यामुळे निकाल तिच्या आकारातून आपोआप आला. हेच शब्द जसेच्या तसे कुळातल्या प्रत्येक संख्येला लागू पडतात, मग ती मूळ असो वा संयुक्त. घरच्या माणसाने दिलेला चारित्र्याचा दाखला म्हणतात तो हा. पाया २ ला फसवणाऱ्या संयुक्त संख्यांना आभासी मूळ संख्या म्हणतात. त्यांतली सर्वांत लहान ३४१, म्हणजे ११ × ३१. पण ३४१ ची फसवणूक अपघाती आहे, क ची जन्मजात.

फर्माने मनात हीच कसोटी लावली असावी असा माझा कयास आहे. ती त्याच्या हाताशी होती, आणि या संख्यांवर ती इतकी सुबकपणे चालते की मोह पडावा.

आजकालच्या प्रोग्राममध्ये वापरली जाणारी मिलर-रॅबिन कसोटी फर्माच्या कसोटीपेक्षा कडक असते. ती फक्त शेवटची बाकी पाहत नाही, वाटेत १ च्या आधी −१ आली का तेही पाहते. पाया २ घेतला तर क तीही पास होते, कारण −१ आपण डोळ्यांनी पाहिलीच. म्हणून एकट्या २ वर विसंबून कुणी तपासणी लिहू नये. ४,७५,९१,२३,१४१ पेक्षा लहान संख्यांसाठी २, ७ आणि ६१ हे तीन पाये एकत्र लावले की मिलर-रॅबिन कधीच चुकत नाही हे सिद्ध झालेलं आहे. आपली क या मर्यादेच्या आत बसते.

इथे एक गंमत सांगायलाच हवी. फर्माची साधी कसोटी मी पहिल्यांदा ६४ बिटांच्या चिन्हरहित पूर्णांकांत लिहिली, तेव्हा पाया २ ला प्रोग्रामने ताडकन ‘संयुक्त’ असं उत्तर दिलं. उत्तर बरोबर! पण वरचं गणित सांगतं की या पायाला ते उत्तर येऊच शकत नाही. चूक शोधायला वेळ लागला. वर्ग करत गेलं की २, ४, १६, २५६, ६५,५३६ आणि मग २^३२ येतं. त्याचा वर्ग २^६४. चौसष्ट बिटांत बसणारी सर्वांत मोठी संख्या २^६४ − १ आहे. म्हणजे वर्ग बरोबर एकाने बाहेर सांडतो, आणि संगणक चुपचाप ० ठेवून देतो. मग शून्याचे वर्ग शून्यच. क ने भागल्यावर येऊ शकणाऱ्या सगळ्या बाक्यांत वर्ग सांडणारी बाकी ही एकच आहे, आणि २ पासून निघालेली वाट नेमकी तिच्यावरूनच जाते. आणि ३२ बिटांत तर क स्वतःच मावत नाही. कोंबून भरली तर तिथे नुसता १ दिसतो.

३ ची साक्ष

आता परका साक्षीदार बोलावू. ३ चा क च्या रचनेशी काही संबंध नाही.

३ चा (क − १) वा घात हवा, म्हणजे ३ चा २^३२ वा घात. तो मिळवायला फक्त ३२ वेळा वर्ग करायचा आणि प्रत्येक वेळी क ने भागून बाकी ठेवायची. भागाकारही कटकटीचा नाही. २^३२ ची बाकी −१ आहे, म्हणून कुठलाही मोठा वर्ग २^३२ ने भागायचा आणि उरलेल्यातून भागाकार वजा करायचा. द्विमान लिपीत हे म्हणजे संख्येचे मधोमध दोन तुकडे करून खालच्यातून वरचा वजा करणं. वजाबाकी ऋण आली तर क मिळवायची.

सुरुवात अशी होते: ३, ९, ८१, ६५६१, ४,३०,४६,७२१. यापुढचा वर्ग १८५३०२०१८८८५१८४१ आहे. त्याला २^३२ ने भागलं तर भागाकार ४,३१,४३९ आणि बाकी ३,७९,३६,३२,८९७. वजाबाकी ३,७९,३२,०१,४५८. पाच वर्ग झाले. इथून पुढे आकड्यांत कसलीही लय दिसत नाही, आणि हीच चांगली खूण आहे. साक्षीदार पढवलेला नाही.

एकतिसाव्या वर्गानंतर हाती येते १,०३,२४,३०३. इथेच थांबायला हरकत नाही. तेओफिल पेपँने १८७७ साली सिद्ध केलं की या कुळातली संख्या (पहिली ३ सोडून) मूळ असेल तर आणि तरच या टप्प्यावर बाकी −१ येते. आपल्याकडे यायला हवी होती ४,२९,४९,६७,२९६. आली एक कोटी तीन लाखांच्या घरातली. क संयुक्त आहे.

ज्याला फर्माच्याच मूळ कसोटीचा आग्रह असेल त्याने आणखी एक वर्ग करावा. १,०३,२४,३०३ चा वर्ग १०,६५,९१,२३,२४,३५,८०९. त्यातून क ची २४,८१७ पट वजा केली की उरतात ३,०२,९०,२६,१६०. १ नाही. दहा अंकांपलीकडची गणितं झेपणारा कॅल्क्युलेटर जवळ असेल तर एवढी पायरी पडताळून पाहा. आतापर्यंतच्या दोन शतकांच्या कथेतली कळीची वजाबाकी हीच आहे असं मी म्हणेन.

या साक्षीची मर्यादाही सांगतो. गुन्हा घडला हे ३ ने छातीठोकपणे सांगितलं, पण गुन्हेगार कोण यावर तो अवाक्षर बोलत नाही. अवयवांचा पत्ता या ३२ वर्गांत कुठेच नाही. मोठ्या संख्यांच्या बाबतीत हे कायमचंच दुखणं आहे. २^(२^२०) + १ आणि २^(२^२४) + १ या दोन्ही संयुक्त असल्याचं असल्याच साक्षीने ठरलं, आणि दोहोंपैकी एकीचाही एकही अवयव हाती नाही.

६४१ कुठून आला

१ डिसेंबर १७२९ च्या पत्रात ख्रिश्चन गोल्डबाखने लिओनार्ड ऑयलर या तरुण गणितीला फर्माच्या या विधानाबद्दल विचारलं. ऑयलरने सुरुवातीला फारसं लक्ष दिलं नाही. पण १७३२ मध्ये, पंचविशीत असताना, सेंट पीटर्सबर्गमध्ये त्याने ६४१ जाहीर केला. शोधताना संख्या कशा गाळता येतात याची सिद्धता त्याने पुढे सविस्तर मांडली, आणि ती अगदी छोटी आहे.

समजा प ही मूळ संख्या क ला भागते. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ आणि २^६४ ची बाकी १. म्हणजे २ च्या ज्या लहानात लहान घाताला बाकी १ येते, तो घातांक ६४ चा विभाजक आहे पण ३२ चा नाही. असा विभाजक एकच: खुद्द ६४. आता वरची कसोटी ज्यावर उभी आहे त्या फर्माच्या प्रमेयाने (प − १) या घातांकालाही बाकी १ येते, म्हणून (प − १) ला ६४ ने भाग जायलाच हवा. संशयितांची यादी एकदम आखूड झाली: ६५, १२९, १९३, २५७, ३२१, ३८५, ४४९, ५१३, ५७७, ६४१. यांत मूळ संख्या पाचच: १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१. पाचव्या भागाकाराला सापडला.

१८७८ मध्ये एदुआर ल्युकाने ६४ च्या जागी १२८ चालतं हे दाखवलं. कारण असं, की क च्या जगात २ चं वर्गमूळ अस्तित्वात आहे. २^२४ − २^८ म्हणजे १,६७,७६,९६० ही संख्या घ्या. तिचा वर्ग २^४८ − २ × २^३२ + २^१६. पहिलं आणि शेवटचं पद मिळून २^१६ × क होतं, त्याची बाकी शून्य. मधल्या पदात २^३२ च्या जागी −१ घातला की उरतो २. म्हणजे १,६७,७६,९६० चा वर्ग बाकीच्या हिशेबात २ आहे. मग २ ला ६४ पावलं लागत असतील तर त्याच्या या वर्गमुळाला १२८ लागतात, आणि वरचाच युक्तिवाद १२८ घेऊन चालतो.

आता यादी १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१ एवढीच. मूळ फक्त २५७ आणि ६४१. त्यातही २५७ कुळातलीच, आणि कुळातल्या दोघींना समाईक अवयव नसतो हे आधी ठरलेलं आहे. म्हणजे प्रत्यक्ष करावा लागणारा पहिला भागाकार ६४१ चाच!

म्हणूनच मला फर्माचं आश्चर्य वाटतं. २^३७ − १, म्हणजे १,३७,४३,८९,५३,४७१, ही संख्या त्याने १६४० मध्येच फोडली होती. तिचे विभाजक ७४ च्या पटीहून एकाने मोठे असतात हे ओळखून त्याने २२३ गाठला होता. हीच किल्ली क ला लागते. कुलूप समोर, किल्ली खिशात. एक तर त्याने ती लावलीच नाही, किंवा लावताना कुठे तरी हातचा चुकला.

६४१ भागतो हे भागाकार न करताही पटवता येतं. ६४१ = ५ × २^७ + १, आणि ६४१ = ५^४ + २^४ सुद्धा. पहिल्यावरून ५ × २^७ ची बाकी −१. चौथा घात घेतला की ५^४ × २^२८ ची बाकी १. दुसऱ्यावरून ५^४ च्या जागी −२^४ ठेवता येतं. मग −२^३२ ची बाकी १, म्हणजे २^३२ + १ ची बाकी शून्य. चार ओळींत संपलं. अर्थात हे ६४१ सापडल्यावरचं शहाणपण आहे, शोधायला याचा काही उपयोग नाही.

भागाकार येतो ६७,००,४१७. तो आणखी फुटतो का? त्याचं वर्गमूळ २५८८ च्या आसपास, आणि त्याचे विभाजक क चेही विभाजक, म्हणून १२८ ची पट अधिक १ याच आकाराचे. ६४१ पासून २५८८ पर्यंत या आकाराच्या मूळ संख्या चारच आहेत: ६४१, ७६९, ११५३, १४०९. बाक्या अनुक्रमे ४४, १२०, ३३४, ६२२. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ. सत्तर लाखांच्या आतल्या संख्येचं मूळपण चार भागाकारांत ठरलं, हे मला ६४१ सापडण्यापेक्षाही जास्त आवडतं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला झेरा कोलबर्न नावाचा अमेरिकन मुलगा लंडनमध्ये तोंडी गणितांचे जाहीर प्रयोग करत असे. त्याला क चे अवयव विचारले आणि त्याने ते तोंडी सांगितले अशी नोंद आहे.

दोन चेहरे

अवयव कळल्यावर प्रकरण बंद करता आलं असतं. पण क ची एक खोड आहे जी तिला स्वतःलाच पकडून देते.

क = ६५,५३६² + १² हे उघड आहे (वर्गासाठी इथे वरच्या लहान २ ची खूण वापरतो). चारने भागल्यावर बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि ती एकाच प्रकारे. क दोन वेगळ्या प्रकारे तशी लिहिता आली, की ती मूळ नाही हे तिथेच सिद्ध. आणि लिहिता येते:

६२,२६४² + २०,४४९² = ३,८७,६८,०५,६९६ + ४१,८१,६१,६०१ = ४,२९,४९,६७,२९७.

त्यातला २०,४४९ परत १४३ चा वर्ग निघतो, हा निव्वळ योगायोग.

दुसरा चेहरा आला कुठून? ६४१ = २५² + ४², आणि ६७,००,४१७ = २५५६² + ४०९². दोन वर्गांच्या बेरजा एकमेकींना गुणल्या तर पुन्हा दोन वर्गांची बेरीज येते, आणि ती दोन रीतींनी करता येते. ब्रह्मगुप्ताच्या नावाने ओळखलं जाणारं सूत्र ते हेच. आपल्या जुन्या परिभाषेत समासभावना आणि अंतरभावना. तिरके गुणाकार करून पाहा: २५ × २५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १६३६. यांची बेरीज ६५,५३६, वजाबाकी ६२,२६४. दुसरी जोडी २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २५५६ = १०,२२४. यांची वजाबाकी १, बेरीज २०,४४९.

म्हणजे क च्या चेहऱ्यावरचा तो निरागस ‘अधिक १’ खरं तर १०,२२५ आणि १०,२२४ यांच्यातलं अंतर आहे. दोन मोठे गुणाकार एकमेकांना जवळपास पुसून टाकतात आणि मागे एकच ठिपका उरतो. फर्माला तो ठिपका दिसला.

उलटही जाता येतं. अवयव माहीत नाहीत, फक्त दोन्ही चेहरे माहीत आहेत असं समजा. ६५,५३६ − ६२,२६४ = ३२७२ आणि २०,४४९ − १ = २०,४४८. यांचा मसावि ८. भागून आले ४०९ आणि २५५६. त्यांच्या वर्गांची बेरीज ६७,००,४१७. मसावि काढायला तीन पायऱ्या, आणि अवयव हातात. ऑयलरने पुढे ही रीत मोठ्या संख्या तपासायला वापरली. अडचण फक्त दुसरा चेहरा शोधण्याची, ते काम सोपं नाही.

शेजारीण आणि वंशज

क मूळ नसल्याचा फटका भूमितीला बसला. गाऊसने १७९६ मध्ये पट्टी-कंपासने सतरा बाजूंचा सुसम बहुभुज काढता येतो हे दाखवलं, आणि १८३७ मध्ये वांत्झेलने उरलेली सिद्धता पुरी केली. बाजूंची संख्या विषम असेल तर ती या कुळातल्या वेगवेगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असायला हवी. ६५,५३७ बाजूंच्या बहुभुजाची कृती योहान हेर्मेसने दहा वर्षं खपून १८९४ मध्ये पुरी केली. पाचच मूळ संख्या माहीत असल्याने असे विषम बाजूंचे बहुभुज ३१ होतात, आणि त्यांतला सर्वांत मोठा पाचांच्या गुणाकाराएवढा, म्हणजे ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा. ही संख्या आपण आधी पाहिली: क − २. तो तत्त्वतः काढता येतो. दोन बाजू जास्त असलेला क बाजूंचा मात्र नाही, कारण तो जमला तर ६४१ बाजूंचाही जमेल. पण ६४१ कुळातली असायला ६४० हा निव्वळ २ चा घात हवा होता, आणि त्यात ५ हा अवयव अडकून बसलेला आहे.

१ पासून क पर्यंतच्या संख्यांत क शी समाईक अवयव असणाऱ्या ६७,०१,०५७ आहेत. म्हणजे डोळे मिटून एक संख्या उचलली आणि क शी तिचा मसावि काढला, तर अवयव सापडण्याची शक्यता साधारण ६४१ त एक. आंधळ्या शोधाला हे काही वाईट नाही.

६४१ इतरत्रही भेटतो. १०^१६ + १, म्हणजे १ नंतर पंधरा शून्यं आणि मग १, या संख्येलाही तो भागतो. म्हणून १/६४१ दशांशात लिहिला तर ३२ अंकांनी आवर्तन होतं. दशमान आणि द्विमान या दोन्ही लिप्यांत तो सारख्याच चेहऱ्याच्या संख्या फोडतो.

क नंतर कुळाला उतरती कळाच लागली. पुढची २^६४ + १ ही २,७४,१७७ ने भागली जाते. त्यानंतर घातांक २^३२ पर्यंत तपासलेली प्रत्येक संख्या संयुक्त निघाली. २^(२^३३) + १ चं काय, हे ठरलेलं नाही. तिच्यात सुमारे २५८ कोटी अंक आहेत. क ला ज्या ३ ने ३२ वर्गांत पकडलं, त्याला इथे ८,५८,९९,३४,५९२ वर्ग करावे लागतील, आणि प्रत्येक वर्ग २५८ कोटी अंकी संख्येचा. २ ला विचारलं तर तो लगेच सांगतो की बाकी १ आहे.